सरकारी सोयाबीनचा अहवाल

तालुक्याच्या शेती अधिकाऱ्याचं पत्र येऊन महिना झाला, तरी बसलिंगप्पा मास्तरांनी उत्तर दिलं नव्हतं. शहात्तर सालचा श्रावण. पत्रासोबत छापील तक्ता होता: चाचणीसाठी दिलेलं पाच किलो सोयाबीन किती पेरलं, किती उगवलं, गावात प्रसार किती झाला?

मैंदर्गीत हे पीक कुणी पाहिलंही नव्हतं. इंग्रजी पुस्तिका वाचू शकणारा माणूस म्हणून बियाणं मास्तरांना मिळालं. पेरणीचं प्रकरण त्यांना रूक्ष वाटलं, म्हणून त्यांनी आधी 'उपयोग' हे प्रकरण उघडलं. दूध, दही, तेल, पीठ. रोज संध्याकाळी ते बायकोला, नागव्वाला, मोठ्या कौतुकानं अर्थ सांगत. ते पेरणीकडे वळायच्या आत नागव्वा पिशवी घेऊन गिरणीत गेली. कडक भाकरीच्या पिठात घालायला.

बी तेलकट. गिरणीच्या दगडांवर लगदा बसला, गिरणी थांबली, रांग खोळंबली. खरवडून पुन्हा चालू केली, तर उरलेला लगदा पुढच्या प्रत्येकीच्या ज्वारीत थोडाथोडा उतरला. दुसऱ्या दिवशी अख्ख्या गावाच्या भाकरीला हिरव्या शेंगेचा वास. गिरणीवाला मडिवाळप्पा दारात आला.

"मास्तर, पोरांना शिकवलं तवर ठीक हुतं. आता माज्या दगडालाबी शिकवाय निघाला व्हय?"

मास्तरांनी आत जाऊन नागव्वाकडे नुसतं पाहिलं.

"माज्याकडं काय बघताय? तुमीच वाचलं की, पिठात मिसळा म्हणून."

तेही खरंच होतं. पण उत्तर अडलं होतं वेगळ्याच कारणानं. तो अधिकारी मास्तरांचाच विद्यार्थी. चौथीत अभ्यास केला असं खोटं सांगितलं म्हणून त्यांनी त्याला दिवसभर बाकावर उभं केलं होतं. आता बी खाल्लं असं त्याला कोणत्या तोंडानं कळवायचं? 'पावसानं बी कुजलं' असं त्यांनी तीनदा लिहिलं नि तीनदा फाडलं.

नागव्वा कागदाचे तुकडे गोळा करत म्हणाली, "खरं लिहा की. लई तर काय करंल त्यो? खाल्लेलं माघारी मागंल?"

मास्तरांनी तक्ता पुढे ओढला. पेरणी: नाही. उगवण: नाही. प्रसार, या रकान्यापाशी त्यांनी पेन झटकलं. मग सुवाच्य अक्षरात लिहिलं: सबंध गावात, घरोघरी, एका दिवसात.

पुन्हा वाचून पाहिलं. एक अक्षर खोटं नव्हतं. चष्मा पुसत ते उठले आणि पाकीट टपालपेटीत टाकून आले.