डावखुऱ्याचा करार आणि मॅनेजरांची दाढ

दाढ ठणकायला लागली तेव्हा मॅनेजरांनी एक छोटासा निर्णय घेतला: करार होईपर्यंत तिच्याकडे लक्ष द्यायचं नाही. दाढ काय, कधीही दुखते. डावखुऱ्याचा करार काही रोज संपत नाही!

(मॅनेजर हे बायकोने ठेवलेलं नाव. ऑफिसात ते पाणीपट्टीच्या खात्यात कारकून होते आणि त्यांच्या डोक्यावर तीन खरे मॅनेजर बसलेले होते.) त्यांचा संघ बेसबॉलचा, आणि तो सगळाच्या सगळा कॉम्प्युटरात राहायचा. आठ मित्रांची लीग, आठ संघ, खेळाडू खोटे. सामने कॉम्प्युटर खेळवायचा. हंगाम संपला की ज्याने त्याने आपल्या खेळाडूंशी करार करायचे, तेही पगाराच्या ठरलेल्या मर्यादेत. आठांपैकी एकानेही खऱ्या बेसबॉलला कधी हात लावलेला नव्हता, पण या दिवसांत त्यांना जेवण गोड लागत नसे.

डावखुरा हा मॅनेजरांचा पिचर. कोणी विचारत नव्हतं तेव्हा त्यांनी त्याला उचलला, खालच्या संघात दोन वर्षं वाढवला, आणि आता लीगमध्ये त्याच्या तोडीचा चेंडू फेकणारा नव्हता. त्याचा करार त्या संध्याकाळी सहाला संपत होता. तोवर सही झाली नाही तर तो खुल्या बाजारात, म्हणजे ज्याचे हात लांब त्याचा!

आणि सही करायला मर्यादेत जागाच नव्हती, कारण त्या जागेवर पैलवान बसला होता. गेल्या वर्षी या पैलवानाने शेवटच्या सामन्यात बॅटने चेंडू मैदानाबाहेर टोलवला आणि मॅनेजरांनी भरल्या डोळ्यांनी त्याला पाच वर्षांचा करार देऊन टाकला. तेव्हापासून त्याचं फक्त वजन वाढलं होतं. आता हा पांढरा हत्ती कोणाच्या तरी गळ्यात मारायचा, मग डावखुऱ्याची सही. मॅनेजर सकाळपासून सगळ्यांना विनवत होते आणि सगळे हात वर करत होते.

दुपारी गाल टम्म सुजला.

"आरशात बघा जरा!" बायको म्हणाली. "उठा, डॉक्टरांकडे चला."

"सहानंतर जाऊ."

"सहानंतर तुम्हाला उचलून न्यावं लागेल." तिने फोन त्यांच्या हातातून काढून आपल्या पर्समध्ये टाकला आणि त्यांना जिन्याखाली उतरवलं.

आता मॅनेजरांचं नशीब असं, की कोपऱ्यावरचे दातांचे डॉक्टर हे लीगमधल्या दुसऱ्या संघाचे मालक होते. डावखुऱ्यावर त्यांचा कधीचा डोळा, आणि मर्यादेत भरपूर जागाही त्यांच्याचकडे!

"या या, मॅनेजर! आज कशी वाट चुकलात?" डॉक्टरांचा चेहरा इतका फुलला, की बायकोला वाटलं, काय हा प्रेमळ माणूस.

त्यांनी भुलीचं इंजेक्शन दिलं, तोंडात कापूस कोंबला, लाळ ओढणारी नळी ओठाला अडकवली आणि कामाला लागले. काम म्हणजे काय! थोडं कोरायचं, थांबायचं, हात धुवायचे, खिडकीबाहेर बघायचं, शीळ घालायची. भिंतीवरच्या घड्याळाचा काटा मात्र थांबत नव्हता. मॅनेजरांनी पर्सकडे बोट केलं. बायकोने रुमाल दिला. त्यांनी हातानेच फोन कानाला लावून दाखवला. "कान पण दुखतोय का हो?" ती कळवळून म्हणाली. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच.

शेवटी डॉक्टरांनाच हसू आवरेना. "वहिनी, तुम्हाला म्हणून सांगतो," म्हणत त्यांनी डावखुरा, पैलवान, सहाची मुदत, सगळं सांगून टाकलं. "सहापर्यंत काही मी यांना उठू देत नाही!"

बायकोचा चेहरा बदलला. घरात ती त्या खेळाला उठता बसता नावं ठेवायची, पण तो तिचा हक्क होता. बाहेरच्याने तिच्या नवऱ्याला असं खुर्चीत डांबायचं म्हणजे काय?

"मग तो पैलवान तुम्ही घ्या," ती म्हणाली.

"मी? त्याला पळता येत नाही, वहिनी!"

"पळून जाणार नाही मग. घरचा माणूस आहे. कुरकुर नाही, भांडण नाही, एका जागी बसून असतो."

"पाच वर्षांचा पगार द्यायचा त्याला!"

"चार उरलीत. एक आम्ही सोसलं."

डॉक्टरांनी मान हलवली. त्यावर तिने पर्स खांद्याला लावली. "राहू द्या. चला हो, उठा. पलीकडच्या गल्लीत दुसरे डॉक्टर आहेत."

बाजारात हिच्या या हत्याराने भलेभले नमले होते. मॅनेजर इमानदारीत उठले. छातीवर कागदी फडकं, ओठाला नळी, तोंडात अर्धी कोरलेली दाढ. त्यांनी दार उघडलं. बाहेर बाकावरच्या पेशंटांनी तो अवतार पाहिला, आणि दोघेजण चपला शोधायला लागले.

"अहो वहिनी! माझी नळी! या, परत या, घेतो पैलवान!"

डॉक्टरांनी ग्लोव्ह काढून मॅनेजरांनी सकाळीच पाठवलेली अदलाबदल स्वतःच्या फोनवर मंजूर केली. मॅनेजरांना तिला कडेवर घेऊन नाचावंसं वाटलं! बायको नव्हे, साक्षात देवी! पण डॉक्टरांनी त्यांना खुर्चीत दाबलं आणि दाढेत सिमेंट भरलं. "आता तोंड मिटू नका. हलायचंही नाही."

"तुम्ही पडून राहा," बायको म्हणाली. तिच्या अंगात आता वारं भरलं होतं. तिने फोन काढला. "हा बघा तुमचा डावखुरा. चार वर्षं मागतोय, वर्षाला अठरा कोटी. अठरा? सोन्याचे चेंडू फेकतो का?"

मॅनेजरांनी अंगठा वर केला. दे! दे!

"वर काय, खालीच आणते त्याला. नऊ."

फोनवर अक्षरं उमटली: खेळाडू नाराज आहे.

"आधी होतातच नाराज. दहा."

खेळाडूला हा अपमान वाटतो.

"आँ! आँआँ!" मॅनेजर पाय झाडू लागले.

"वहिनी, नको!" आता डॉक्टरसुद्धा ओरडले. "तो कॉम्प्युटर आहे!"

"कॉम्प्युटर असला म्हणून काय झालं? साडेदहा, शेवटचे. नाही म्हणतोय? राहिलं!" तिने फोन बंद करून पर्समध्ये टाकला. "आता बघा, कसा मागे धावत येतो."

तिघांनी वाट पाहिली. पर्समधून आवाज आला नाही. तिने परत फोन उघडला तेव्हा त्यावर लिहिलेलं होतं: या खेळाडूने तुमच्याशी बोलणी कायमची बंद केली आहेत.

सहा वाजले. डावखुरा बाजारात गेला. डॉक्टर नुसते बघत राहिले, कारण त्यांच्या जागेवर आता पैलवान बसला होता. सिमेंट मात्र उत्तम सुकलं.

औषधं घ्यायला दोघं केमिस्टकडे गेली. हा केमिस्ट लीगमध्ये यंदाच आलेला. अनुभव नाही, धड खेळाडू नाही, त्यामुळे मर्यादा जवळजवळ रिकामी. तो फोन छातीशी धरून काउंटरमागे चक्क नाचत होता.

"मॅनेजर! डावखुरा मिळाला मला! मागितले तेवढे दिले! तुम्ही सोडलात कसा हो त्याला?"

मॅनेजरांनी बायकोकडे बोट केलं.

"ते राहू द्या," बायको म्हणाली. "या गोळ्यांवर काही कमी कराल का?"

"कमी? वहिनी, आज तुमच्याकडून पैसे घेतले तर मला पाप लागेल! न्या तशाच!"

रस्त्यावर येताच तिने गोळ्या त्यांच्यासमोर नाचवल्या. "बघितलंत? दहाच्या दहा गोळ्या फुकट! व्यवहार असा करायचा असतो. शिका जरा!"

मॅनेजरांनी काय ते एकदाच बोलून टाकायचं ठरवलं आणि तोंड उघडलं. भूल अजून उतरली नव्हती. शब्द आला नाही, नुसती लाळ गळली.

बायकोने मायेने त्यांची हनुवटी पुसली. "असू दे हो," ती म्हणाली, "आनंद झाला की होतं माणसाचं असं."