मास्तर कोट सोडेनात

या, जरा जवळ सरकून बसा. मागच्यांनी पुढे या, जागा पुष्कळ आहे. आज एका शिंप्याची गोष्ट सांगतो. हसू आलं तर मोकळेपणानं हसा. हसणारी माणसं देवालाही आवडत असणार, रडणाऱ्यांचं त्याला फार ऐकावं लागतं.

तर या शिंप्याला सगळी गल्ली मास्तर म्हणायची. माणूस सोन्यासारखा, पण खोड एकच. शरीरात काही बदल झाला की लपवायचं! लहानपणी पहिला दात हलायला लागला, तर पोरगा जिभेनं दात दाबून हिंडला. शेवटी तो दात पावाबरोबर पोटात गेला. पुढे आवाज फुटला, तर यानं बोलणंच टाकलं. घरच्यांना वाटलं, पोरानं मौन धरलं. शेजारच्या आजी तर आशीर्वाद मागायला आल्या.

आता मास्तर पन्नाशीकडे झुकलेले. चाळिशी म्हणजे वय आणि चाळिशी म्हणजे चष्मा. देवानं दोन्ही एकाच गाठोड्यात बांधून पाठवलेली. मास्तरांनी वय ठेवून घेतलं आणि चष्मा परत केला. "हल्ली सुयांना भोकंच बारीक पाडतात," म्हणायचे. पेपर वाचताना हात लांब धरायचे, आणि हात पुरेनासे झाले तेव्हा पेपरच बंद केला.

अशात लेकीला परगावी नोकरी लागली. मास्तरांनी गल्लीत जाहीर केलं, "पोर माझ्या हातच्या कोटात कामावर जाईल. एक टाका जरी कुणाला दिसला, तर दुकानाची पाटी उतरवीन."

निघायची सकाळ उजाडली. कोट काळा, दोरा काळा. फक्त खालचं अस्तर जरा लोंबत होतं. मास्तरांनी कोट मांडीवर घेतला, अंदाजानं भराभर टाके घातले, दोरा दातानं तोडला. तेवढ्यात गाडी दारात आली.

"द्या बाबा," म्हणत लेकीनं कोट ओढला.

कोटाबरोबर मास्तरही उठले.

"बाबा, सोडा ना."

"मी कुठे धरलाय?"

तिनं पुन्हा ओढला. मास्तर लंगडी घातल्यासारखे पुढे आले. तेव्हा त्यांच्या ध्यानात आलं, अस्तराबरोबर आपली पाटलोणही शिवली गेली आहे! पण सांगणार कसं? मान खाली घालून कोटाकडे बघत राहिले.

लेकीनं निराळाच अर्थ लावला. तिचे डोळे भरून आले. "मी रोज फोन करीन, बाबा. आई, बघ ना, बाबा सोडतच नाहीत."

मास्तरीणबाई ओले हात पुसत बाहेर आल्या. "सोडा हो. कधीतरी जायचीच होती ना ती?"

समोरचा न्हावी गिऱ्हाइकाची अर्धी दाढी तशीच टाकून धावत आला. "काय माया आहे, मास्तर! असा बाप पाहिला नाही."

मास्तरांना जरा बरंच वाटलं. लाज झाकली गेली आणि वर कौतुक! त्यांनी एक उसासाही टाकला.

तो उसासा मात्र महागात पडला. लेकीनं बॅग खाली ठेवली. "मी नाही जात. गाडी परत पाठवा. नोकरी काय, दुसरी मिळेल."

या नोकरीसाठी पोरीनं किती खेटे घातले होते, ते मास्तरांनीच पाहिलं होतं.

"अगं, जा बाई! मी धरलेलं नाही, शिवलंय."

"काय शिवलंय?"

"कोट. माझ्या पाटलोणीला."

न्हावीच आधी सावरला. "मग पाटलोण काढून द्या की."

"आणि पोरीनं बापाची पाटलोण लटकवून ऑफिसात जायचं?"

"मग टाके उसवा," मास्तरीणबाई म्हणाल्या.

"दिसत असते तर घातले असते का?"

बाई आत गेल्या, पिठाच्या डब्यामागून एक चष्मा काढून आणला आणि मास्तरांच्या नाकावर बसवला. "चाळिशी आहे. माझी. तुमच्या सुया रोज कोण ओवून ठेवतं, असं वाटलं तुम्हाला?"

"मला वाटलं, मीच ओवून विसरतो."

मास्तरांनी खाली पाहिलं. टाके असे वेडेवाकडे, जणू मुंग्यांची वरात वाट चुकली होती. "कुणी शिवलंय हे?" त्यांच्या तोंडून निघून गेलं. मग मुकाट्यानं टाके उसवले, नीट घातले, आणि पोर कोट चढवून गाडीत बसली.

मास्तर दारात उभे राहून बघत राहिले. "सगळं धूसर दिसतंय गं."

"चाळिशी जवळचं बघायला असते. लांबचं बघायचं तर काढा."

मास्तरांनी काढली. गाडी वळणाशी पोचली होती.

"आता?"

"तसंच दिसतंय," मास्तर म्हणाले.

तर मंडळी, मास्तरांना हसलात, छान केलंत. माझं मागणं एवढंच, सुईत पहिल्या फटक्यात दोरा गेला तर आपल्या नजरेची फुशारकी मारू नका. त्या मास्तरीणबाईंची तेवढी आठवण काढा.