तिसरी वर्गणी

"दोन वर्गण्या भरतो ना आपण? त्या दोन्हींवर जे आहे ते तरी बघून संपलं का तुमचं?" कसाव्याच्या साली ताटात टाकत अलुमितानं विचारलं.

फिजीतल्या सिंगाटोकाच्या बस डेपोत दिवसभर ड्रायव्हरांना फैलावर घेणारा तिचा नवरा इसिकेली घराच्या पायरीवर चपला काढताना आवाजही तिथंच काढून ठेवत असे. शिवाय बायकोचं म्हणणं खोटं नव्हतं. पहिली वर्गणी त्यानं टीव्हीवरच्या एका ॲपवर रग्बी बघायला घेतली. मग रग्बी दुसरीकडं गेली म्हणून दुसरी घेतली. पहिली बंद करायची राहून गेली ती राहूनच गेली. आता रग्बी उनाड बैलासारखी तिसऱ्याच्या कुंपणात शिरली होती. या तिसऱ्याचं नाव टाकिया, म्हणजे होडी, आणि बायकांच्या क्लबांचा अंतिम सामना फक्त तिथंच दिसणार होता.

"सेरेआनाची आई, सामना आपल्या पोरीचा आहे," तो शेवटी म्हणाला.

"पोर राखीव खेळाडूंत आहे. मैदानात उतरेल का नाही देव जाणे. आणि गुडघा ठणठणीत आहे असं तिनं फोनवर सांगितलंय की."

"ठणठणीत! फणसाच्या झाडावरून पडली होती तेव्हा काय म्हणाली होती? दोन दिवस मोडकं मनगट घेऊन शाळेत गेली, विचारलं की ठणठणीत!"

सेरेआना ब्रिस्बेनला एका वृद्धाश्रमात नोकरी करायची आणि सुट्टीच्या दिवशी रग्बी खेळायची. गेल्या वर्षी भर मैदानात तिचा गुडघा फिरला, शस्त्रक्रिया झाली, आणि आईबाप इथं फिजीत फोन कानाला लावून बसले. तेव्हापासून इसिकेलीच्या मनात एकच होतं. पोरीला एकदा पळताना आपल्या डोळ्यांनी बघायचं. ती काय सांगते यावर त्याचा काडीचा विश्वास नव्हता.

"एकच महिना," अलुमिता म्हणाली. "सामना झाला की बंद. मला नाही बाई असल्या गोष्टींचा सोस."

अशी तिसरी वर्गणी घरात आली. ती एकटी आली असती तर ही गोष्ट इथंच संपली असती.

दुसऱ्याच दिवशी भाचा वाइसाके दारात हजर. इसिकेलीची बहीण नदीच्या वरच्या अंगाला एका गावात दिलेली, तिचा हा थोरला. बहिणीचा मुलगा म्हणजे वासू, मामाच्या घरावर हक्क असलेला भाचा. मामाच्या अंगणातलं डुक्कर त्यानं न विचारता नेलं तरी मामानं दोरी शोधून द्यायची, अशी रीत. वाइसाके तर बिचारा विचारत होता.

"मामा, केरेकेरे. तुमच्या टाकियाचा पासवर्ड मिळेल का?"

केरेकेरे म्हणून नातलगानं हात पुढं केला की नाही म्हणायची सोय नसते. इसिकेलीनं पासवर्ड दिला. एकदा दिलेली वस्तू परत मागणं तर नाही म्हणण्यापेक्षाही वाईट, म्हणून तो विषयच संपला.

मग मेव्हणा आला. नेमानी हा अलुमिताचा धाकटा भाऊ. मेव्हण्या-मेव्हण्यांनी एकमेकांची चेष्टा करायची हाही तिथला रिवाज, आणि नेमानी रिवाजाला फार जपायचा.

"काय दाजी, लॉटरी लागली म्हणे! तीन तीन वर्गण्या! आमच्या ताईला मात्र अजून त्याच जुन्या पातेल्यात कसावा उकडावा लागतो."

"पासवर्ड पाहिजे ना तुला? तेवढं बोल आणि चालू लाग."

"मी कुठं मागितला? पण तुम्ही एवढा आग्रहच करताय तर द्या."

रविवारी चर्चबाहेर पाद्रीबाईंनी गाठलं. पाद्र्यांना लहान मुलांसाठी म्हणून काही चांगलं दाखवायचं होतं. देवाच्या माणसाला पासवर्ड नाकारून इसिकेली कुठं जाणार होता? त्यानं चर्चच्या पायरीवर उभं राहून अक्षरं सांगितली. शेजारी उभ्या असलेल्या दोघीतिघींच्या कानावर ती पडली असतील तर तो त्यांच्या कानांचा दोष.

"आपण काय, शनिवारी दुपारी एकदा बघणार," त्यानं स्वतःचं समाधान केलं. "बाकीच्यांनी बाकीचे दिवस बघावं."

शनिवार उजाडला. इसिकेलीनं लुंगीसारखा इस्त्रीचा सुलू नेसला, बुश शर्ट घातला, चटई झटकून टीव्हीसमोर अंथरली. स्वयंपाकघरात घुटमळणाऱ्या अलुमिताला त्यानं तीन हाका मारल्या तेव्हा कुठं ती हात पुसत बाहेर आली. त्यानं टाकिया लावलं. पडद्यावर होडी आली, होडी हलली, आणि खाली अक्षरं उमटली. या खात्यावर एका वेळी दोनच पडदे चालतात, दोन्ही चालू आहेत, कृपया नंतर प्रयत्न करा.

इसिकेलीनं ते दोनदा वाचलं. पैसे त्याचे, पोर त्याची, आणि तिचा सामना अख्खं सिंगाटोका खोरं बघत होतं, एक तो सोडून.

"वाइसाके!" तो म्हणाला. "आणि दुसरा तुझा भाऊ. नाहीतर पाद्री."

"माझ्या भावाचं नाव बरं लगेच आलं तोंडात!"

वाइसाकेला फोन लावला. तो उचलला गेला नाही. नेमानीला लावला, तर पलीकडून नुसता गलका. "कोण? दाजी? ऐकू येत नाही! सामना चालू आहे!" आणि फोन बंद.

इसिकेलीनं रिमोट घेऊन खात्याच्या आतली सगळी पानं उघडली. एका पानावर तळाशी बटण सापडलं. सगळ्या यंत्रांवरून बाहेर पडा. त्यानं त्यावर खूण आणली आणि अंगठा रिमोटवर टेकवला.

"दाबू?"

अलुमितानं त्याचं मनगट धरलं. "दाबाल आणि वीस जणांच्या तोंडचा घास काढाल. उद्या चर्चमध्ये कुठल्या तोंडानं बसायचं आपण? भाच्याला दिलेलं मामानं भर सामन्यात हिसकावलं, असं नातवंडांना ऐकावं लागेल."

"मग मी काय करू? पोर तिकडं पळतेय, मी इकडं होडी बघू?"

"उठा. वाइसाकेच्या गावी जाऊ, सभागृहात सगळ्या गावाला दाखवतोय म्हणे तो. तिथंच बघू."

हे खरं म्हणजे सोपं होतं. पण दुसऱ्याच्या गावात, त्यातून गावप्रमुख बसलेले असताना, हात हलवत शिरता येत नाही. कुटून प्यायच्या यंगोनाच्या मुळ्यांची जुडी नेऊन आधी रीतसर पुढं ठेवावी लागते. तेव्हा आधी बाजार. बाजारात इसिकेलीनं आयुष्यात पहिल्यांदा घासाघीस न करता जुडी उचलली. मग टॅक्सी. टॅक्सीवाला दीपनारायण ओळखीचाच होता. त्यानं खड्ड्यांतून गाडी अशी पळवली की अलुमिता बायबलमधली वचनं पुटपुटायला लागली.

"दादा, सामन्याला ना? आपली पोरगी खेळतेय ना?" त्यानं आरशातून विचारलं. "एक विचारू का? तो पासवर्ड..."

"आधी पोचव!" इसिकेली ओरडला.

गावाचं सभागृह खच्चून भरलं होतं. वरच्या टोकाला, मानाच्या जागी, गावप्रमुख आणि वडीलधारी मंडळी बसली होती. त्यांना मान वळवावी लागू नये म्हणून वाइसाकेनं खालच्या टोकाला, बरोबर दाराच्या वर, पांढरी चादर ताणून तिच्यावर सामना सोडला होता. पाहुण्यानं बसायचं ते दाराशी, आणि तोंड करायचं ते गावप्रमुखांकडं. म्हणजे इसिकेली खाली मांडी घालून बसला तेव्हा त्याची लेक त्याच्या डोक्यावर होती, आणि त्याला दिसत होत्या त्या फक्त म्हाताऱ्यांच्या मिशा.

पाहुणा आला म्हणून मान राखायला कुणीतरी सामन्याचा आवाजही बंद केला.

पाहुण्याच्या वतीनं बोलायला नेमानी सरकत पुढं आला. "काय दाजी," तो कानात कुजबुजला, "घरचा टीव्ही विकलात का वर्गणी भरायला?"

"लवकर बोल रे बाबा. तुझ्या पाया पडतो."

"पाया नंतर पडा. रीत आहे, नीट बोलायला पाहिजे."

नेमानी नीट बोलला. त्यानं दोन्ही गावांची सोयरीक सांगितली, नदीचा पूर सांगितला, मयत मंडळींची नावं घेतली. मुळ्या पुढं सरकल्या. मग गावप्रमुखांचा प्रवक्ता स्वीकाराचं भाषण करायला लागला. त्याचा आवाज घंटेसारखा होता, पण डोळे इसिकेलीच्या डोक्यावरून चादरीवर खिळलेले.

"या मुळ्या आम्ही आदरानं स्वीकारतो," तो म्हणाला. "आपल्या पूर्वजांनी जी वाट... अरे धर, धर तिला! सुटली! ...जी वाट घालून दिली, त्या वाटेनं..."

समोरचे सगळे म्हातारे एकदम डावीकडं कलले, मग उजवीकडं. एकानं कपाळाला हात लावला. इसिकेली त्यांच्या चेहऱ्यांवरून सामना वाचत होता. एकाचा चेहरा पडला की त्याला वाटायचं, गुडघा गेला. त्यानं बायकांच्या बाजूला बसलेल्या अलुमिताकडं चोरून पाहिलं. ती डोळे मिटून बसली होती, त्याचा काहीच उपयोग नव्हता. बाजूला पाद्री आणि पाद्रीबाई दाटीवाटीनं बसले होते. म्हणजे नेमानी इथं, पाद्री इथं, भाचा इथं, आणि चादर एकच. मग दुसरा पडदा कुणाचा? हा विचार त्याच्या डोक्यात आला आणि लगेच पळाला, कारण बायकांतून एकीचा आवाज आला, "आली! सेरेआना आली मैदानात!"

प्रवक्ता पूर्वजांच्या तिसऱ्या पिढीवर होता. गावप्रमुखांनी हात वर केला.

"पुरे," ते म्हणाले. "पूर्वज कुठं पळून जात नाहीत. बाप आहे तो. फिरवा त्याला."

चार हातांनी इसिकेलीला मांडीसकट उचलून गर्रकन फिरवलं. आवाज परत मोठा झाला. चादरीच्या एका कडेला सेरेआना उभी होती, केस घट्ट बांधलेले, गुडघ्याला पट्टी. चेंडू तिच्याकडं आला. ती पळाली. आधी सरळ, मग एकदम त्याच फिरलेल्या पायावर भार देऊन आत वळली. दोन दांडग्या पोरींनी तिला धरून दाणकन आपटलं. ढिगाऱ्यातून एक हात वर आला, मग डोकं, मग सेरेआना उठली, शॉर्टवरची माती झटकली आणि पुन्हा धावत आपल्या जागेवर गेली. लंगडली नाही. जरासुद्धा नाही.

इसिकेली ढसाढसा रडला. सेरेआनाचा संघ शेवटी हरला, पण ते त्याला घरी जाताना टॅक्सीत दीपनारायणनं सांगितलं तेव्हा कळलं.

घरी पोचले तेव्हा अंगावरचं मोठं ओझं उतरवल्यासारखी दोघं हलकी झाली होती. अलुमिता चहा टाकायला आत गेली आणि आतून एकाएकी काहीच आवाज येईना. इसिकेली डोकावला. कसाव्याच्या टोपलीमागून काढलेला स्वतःचा मोबाइल ती हातात धरून उभी होती. तो तव्यासारखा तापला होता. पडद्यावर टाकियाची होडी होती, इस्पितळाच्या खाटेवर पडलेली मालिकेतली नायिका होती, आणि खाली प्रश्न होता, अजून पाहताय का?

"तू?" इसिकेली म्हणाला.

"एकच भाग लावला होता," अलुमिता पुटपुटली. "तुम्ही हाका मारायला लागलात म्हणून आवाज बंद करून पालथा ठेवला. पुढचे भाग आपोआप लागत जातात हे मला काय ठाऊक? ती कोमात आहे हो! दीर तिची जमीन लाटतोय!"

काखेत कळसा आणि गावाला वळसा, दुसरं काय! इसिकेलीला आठवलं की आपला अंगठा त्या बटणावर होता. दाबलं असतं तर अख्ख्या गावाची चादर पांढरी पडली असती, आणि दोष निघाला असता आपल्याच चुलीपाशी. त्याच्या कपाळाला घाम फुटला आणि मग त्याला हसू आवरेना. तो तिथंच जमिनीवर बसून हसला.

"हे नेमानीला कळलं तर?" अलुमिता घाबरून म्हणाली.

"मेलो तरी चेष्टा थांबायची नाही. माझ्या थडग्यावर कोरून ठेवील तो. कुणाला सांगायचं नाही."

"मग... बंद करायची ना वर्गणी? सामना तर झाला."

"ती बाई शुद्धीवर आली का?"

"नाही ना अजून."

"मग तिला तशी टाकून कसं चालेल?" इसिकेली म्हणाला आणि बाहेर टीव्हीसमोर चटईवर जाऊन बसला. त्यानं सामना पुन्हा लावला, सेरेआना मैदानात आली तिथपासून. ती पळाली, वळली, पडली, उठली. त्यानं मागं नेलं. ती पुन्हा उठली. आतून कोमातल्या बाईच्या दिराचा आवाज येत होता. तेवढ्यात फोन वाजला. वाइसाके होता.

"मामा, इथं सगळे थांबलेत पुन्हा बघायला, पण दोन पडदे चालू आहेत म्हणतंय. कोण बसलंय हो?"

इसिकेलीला खोटं सुचेना. दिलेली वस्तू परत मागितल्यासारखं होईल म्हणून तो जरा चाचरला. "मी आहे रे," तो म्हणाला. "पोरीला बघतोय."

"अहो, मग एवढंच सांगायचं की मामा," वाइसाके म्हणाला. "बघा तुम्ही सावकाश. आम्ही उद्या बघू."

फोन ठेवून इसिकेलीनं सामना पुन्हा मागं नेला.

"काय म्हणत होता?" अलुमितानं आतून विचारलं.

"काही नाही," तो म्हणाला. "ये बाहेर. तुझी बाई कोमात आहे, कुठं जात नाही. गुडघा बघ पोरीचा."