निरीक्षकाचं निव्वळ वजन

जगात कुणाचंही वजन जास्त नसतं. काटे सदोष असतात. हे विधान मी हवेत करत नाही. वजनमापे कार्यालयात निरीक्षक म्हणून माझी एकवीस वर्षं झाली. या काळात मी सुमारे अकरा हजार काटे तपासले, त्यांपैकी तीन हजार चारशे सदोष निघाले, आणि त्यांतल्या एकाही मालकाला आपला काटा सदोष असल्याची आधी कल्पना नव्हती. (मालकांचे लेखी जबाब आहेत. सगळ्यांचे शब्द तंतोतंत सारखे आहेत, त्यामुळे ते खरेच असणार.)

म्हणून डॉक्टरीणबाईंनी मला त्यांच्या काट्यावर उभं करून "एकशे चार" म्हटलं, तेव्हा मी डगमगलो नाही. मी वाकून काट्याचं सील शोधलं. वाकल्यावर काटा दिसेनासा होतो, मध्ये पोट येतं, तेव्हा बाजूने फिरून बघितलं. सील नव्हतं.

"डॉक्टर, याचं प्रमाणपत्र?"

"आधी तुमच्या साखरेबद्दल बोलूया का?"

"साखर तुमच्या अखत्यारीत. काटा माझ्या."

दुसऱ्या दिवशी मी रीतसर तपासणीला गेलो. वीस किलोची पाच प्रमाणित वजनं दोन जिने चढवून नेण्यात आली. (ती शिपायाने नेली. त्याचं वय अठ्ठावन्न, वजन बावन्न. मी पावतीपुस्तक नेलं. तेही दिसतं तितकं हलकं नसतं.) शंभर किलो ठेवल्यावर काटा साडेसत्त्याण्णव दाखवत होता. माझा संशय खरा ठरला. काटा खोटा होता. त्याच प्रमाणात हिशेब केल्यावर माझं खरं वजन एकशे सहा किलो सहाशे सदुसष्ट ग्रॅम निघालं.

डॉक्टरीणबाईंना काटा दुरुस्त करून घेण्याची नोटीस मिळाली आणि मला वजन दुरुस्त करून घेण्याची. "तीन महिने देते," त्या म्हणाल्या. "दहा किलो उतरवा, नाहीतर गोळ्या सुरू. वडील कितव्या वर्षी गेले म्हणालात?"

"छप्पन्नाव्या. हृदय."

"आणि तुम्ही?"

"बावन्न."

पुढची वजाबाकी कुणी केली नाही. शिपाई वजनं पोत्यात भरत होता, तोही जरा थांबला. मला भीती वाटली, हे इथे स्पष्ट नोंदवतो.

व्यायामाच्या प्रकारांची मी छाननी केली. चालण्यावर गुडघ्यांनी हरकत घेतली. पोहण्याचा प्रस्ताव पोशाखाच्या मुद्द्यावर फेटाळला. राहिली सायकल. सायकलीचा मोठा गुण असा की तिच्यावर बसून व्यायाम होतो, आणि बसण्याचा मला एकवीस वर्षांचा अनुभव आहे.

दुकानदाराने सायकलीची क्षमता एकशे वीस किलो सांगितली. लेखी मागितल्यावर त्याने माझ्याकडे वरपासून खालपर्यंत बघितलं आणि स्वतःच्या हाताने लिहून दिलं, खाली तारीखही घातली. सोबत हेल्मेट, हातमोजे, लुकलुकणारा दिवा आणि सायकलस्वारांची ती घट्ट अर्धी विजार घेतली. विजार घालून मी बैठकीच्या खोलीत आलो तेव्हा ही, म्हणजे माझी बायको, भाजी निवडत होती. तिने एकदा बघितलं, निवडलेली भाजी बाजूला ठेवली आणि म्हणाली, "अहो, वरून काहीतरी घाला. लोकांनी काय बिघडवलंय आपलं?"

सायकलीवर चढण्याची कृती पुस्तकात एका ओळीत उरकलेली असते, ती फसवणूक आहे. माझ्या कृतीला बाहेरचा ओटा, एक हात भिंतीला, एक हात हिच्या खांद्याला आणि "आता सोड" असा आदेश लागतो. आदेश आणि सुटका यांत पहिले तीन दिवस समन्वय नव्हता. चौथ्या दिवशी मी कोपऱ्यावरच्या शिंप्याच्या दुकानापर्यंत, म्हणजे चारशे मीटर, गेलो. वाटेत पिशवी घेऊन चाललेल्या एक आजी मला मागे टाकून पुढे गेल्या. पुढे जाऊन त्या वळल्या आणि म्हणाल्या, "सावकाश जा हो, घाई कशाला?"

पहिल्या आठवड्याची आकडेवारी उपलब्ध आहे. सायकलीवर बसल्याचा एकूण वेळ एकोणीस मिनिटं. सायकलीविषयी कार्यालयात बोलल्याचा वेळ अकरा तास. मागे लागलेली कुत्री तीन. पैकी दोन अर्ध्यातून कंटाळून परतली. बसण्याच्या जागी झालेल्या वेदना मोजण्याचं प्रमाणित माप आमच्या कार्यालयात नाही, पण त्या आठवड्यात मी सगळ्या फायली उभ्याने निकाली काढल्या आणि वरिष्ठांनी माझ्या तडफेचं कौतुक केलं.

वजनाच्या नोंदीसाठी घरी काटा आणला. तो तपासून, तारेने बांधून, मी स्वतः सील केला आणि न्हाणीघरात ठेवला. हिने स्वयंपाकघराच्या भिंतीला एक वही टांगली. दर रविवारी सकाळी वजन घ्यायचं आणि वहीत लिहायचं, असं ठरलं.

पहिल्या रविवारी काट्याने एकशे सात किलो शंभर ग्रॅम दाखवलं. म्हणजे वाढ. (व्यायामाने भूक लागते ही गोष्ट डॉक्टर लोक दडवून ठेवतात. चारशे मीटरमागे मी दोनदा नाश्ता करत होतो.) बाहेर ही माझ्या थोरल्या बहिणीशी फोनवर बोलत होती. "हो ताई, रोज जातात. चेहरा उतरलाय जरा, चांगला दिसतोय." मग तिने दाराबाहेरून विचारलं, "किती?"

वडिलांचा फोटो त्या आठवड्यात तिने दोनदा पुसला होता, आणि दोन्ही वेळा पुसून झाल्यावर माझ्याकडे बघितलं होतं. मला एकशे सात म्हणवेना.

आता इथे एक कार्यालयीन माहिती देणं भाग आहे. काट्यावर वजन खोटं दाखवण्याच्या एकूण एक्केचाळीस पद्धती आहेत. त्यांची यादी मी स्वतः तयार केली असून ती नव्या निरीक्षकांना शिकवली जाते. व्यापाऱ्यांना हे ज्ञान तुकड्यातुकड्यांत असतं. कुणाला तीन पद्धती येतात, कुणाला पाच. एक्केचाळीसच्या एक्केचाळीस येणारा माणूस या भागात एकच आहे, आणि तो त्या वेळी चड्डीवर काट्यावर उभा होता.

मी पद्धत क्रमांक सतरा वापरली. शेजारच्या बेसिनला दोन बोटं टेकवायची, बस्स. काटा एकशे पाचवर आला. "एकशे पाच!" मी ओरडलो. बाहेर ही हसल्याचं ऐकू आलं. फार दिवसांनी.

पुढच्या रविवारपासून मी निव्वळ वजनाच्या तत्त्वाकडे वळलो. मालाचं वजन करताना पोतं वजा करतात, हे लहान मुलालाही कळतं. त्यानुसार चष्मा, चड्डी आणि बोटातून न निघणारी अंगठी वजा केली. मग रात्रीचं जेवण. ते अजून माझं झालेलं नसतं. ते मार्गस्थ असतं, आणि मार्गस्थ माल कुठल्याही गोदामाच्या साठ्यात धरत नाहीत. सातव्या आठवड्यापासून येत्या आठवड्यात येणारा घामही आगाऊ वजा होऊ लागला. नवव्या आठवड्यात काटा किंचित उतारावर ठेवण्यात आला (क्रमांक चार). वहीत दर रविवारी एक किलो कमी होत होतं. रेघ इतकी सरळ होती की दुसऱ्या कुणाची असती तर मी त्याचा काटा जप्त केला असता.

सायकल मात्र खरी चालली होती, हे न्यायाने सांगितलं पाहिजे. चारशे मीटरचे दोन किलोमीटर झाले, मग पाच. भिंत सुटली, मग हिचा खांदा सुटला. पाण्याच्या टाकीकडे जाणारा चढ आहे, तिथे मी निम्म्यापर्यंत बसून आणि पुढे सायकल ढकलत जाऊ लागलो. त्याच चढावर एके सकाळी मला धान्यवाला भेटला.

या धान्याच्या दुकानदाराचा काटा मी दोनदा जप्त केला होता. तोही डॉक्टरांच्या सांगण्यावरून निघालेला, तोही सायकल ढकलत. दोघांनाही दम लागला होता, त्यामुळे जुना विषय निघाला नाही.

"किती उतरलं?" मी विचारलं.

"अडीच किलो, साहेब. दुकानातल्या मोठ्या काट्यावर करतो. तुमचंच सील आहे, खोटं कसं बोलेल?"

"अडीचच? माझं अकरा."

तो थांबला. सायकल पोटाला टेकवून त्याने माझ्याकडे बघितलं, शांतपणे, गोणीकडे बघतात तसं. "साहेब, तीस वर्षं गोण्या डोळ्याने जोखतोय. रागावू नका. तुम्ही एकशे तीनच्या आतबाहेर आहात."

डोळा हे प्रमाणित माप नाही, असं मी त्याला ऐकवलं आणि उरलेला चढ बसून चढलो. रागाने पाय चांगले चालतात. टाकीपर्यंत न उतरता पोचण्याची ती पहिलीच वेळ. वर पोचल्यावर आनंद झाला पाहिजे होता. मी तिथल्या कठड्यावर बसून त्याच्या एकशे तीनमधून किती वजा करता येईल याचा विचार करत राहिलो.

तीन महिने संपले. वहीत शेवटची नोंद होती चौऱ्याण्णव किलो. वही पिशवीत घालून हीही बरोबर आली होती. डॉक्टरीणबाईंनी वही उलटून बघितली, "वा" म्हणाल्या, आणि मला काट्यावर उभं केलं. बेसिन हाताच्या अंतरावर नव्हतं.

एकशे दोन किलो चारशे ग्रॅम.

मी सवयीने वाकलो. पोट या खेपेला आड आलं नाही, थेट सील दिसलं. नवी तार, नवी मोहोर, दुरुस्तीनंतरच्या फेरतपासणीचं प्रमाणपत्र, आणि त्याखाली सही. सही माझी होती.

"काटा चुकीचा आहे का?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं. त्यांच्या आवाजात खोच नव्हती. त्यांना खरंच एखादी नोटीस येईल असं वाटत असावं.

एकवीस वर्षांत तीन हजार चारशे माणसं माझ्यासमोर याच जागी उभी राहिली होती. त्यांचे जबाब एकसारखे का असतात, ते मला तेव्हा कळलं. दुसरं काही सुचतच नाही. "मला कल्पना नव्हती," मी म्हणालो.

रक्ताचा अहवाल आला. साखर उतरली होती. दाबही बरा होता. "गोळ्या राहू देत तूर्त," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "तीन महिन्यांनी परत या. चार किलो उतरलेत की."

"दहा सांगितले होते तुम्ही."

"दहा सांगितले की चार होतात. चार सांगितले असते तर वहीच झाली असती."

बाहेर पडल्यावर मी हिला सगळं सांगितलं. बेसिन, उतार, मार्गस्थ जेवण. ऐकून ती चालायची थांबलीसुद्धा नाही.

"मला माहीत होतं की."

"कधीपासून?"

"पहिल्या रविवारपासून. अहो, पँटचा हूक लागत नाही तुमच्या, रोज मी बघते. चौऱ्याण्णव म्हणे!"

"मग बोलली का नाहीस?"

"रोज सकाळी बाहेर तर पडत होतात. वहीला काय जातंय?" मग थोड्या वेळाने, पर्स उगाच या खांद्यावरून त्या खांद्यावर घेत म्हणाली, "ते छप्पन्नावं वर्ष पार पडू दे एकदा. मग लिहा काय लिहायचं ते."

त्या रविवारी मी स्वतःच्या घरावर धाड घातली. पंचनाम्याला दोन पंच लागतात. एक ही, दुसरा धान्यवाला, सायकलीवरून आला. काटा उतारावरून सपाटीवर आणला, सील तपासलं, वही जप्त केली. पद्धत क्रमांक सतराचं प्रात्यक्षिक मी करून दाखवलं तेव्हा धान्यवाला बराच वेळ बेसिनकडे बघत राहिला. "ही पद्धत माझी होती, साहेब," तो म्हणाला. दोन्ही पंचांनी हसतहसत सह्या केल्या, आणि तसं हसणं पंचनाम्यात नोंदवण्याचा रकाना नसल्याने ते नोंदवलेलं नाही. नव्या वहीत पहिली नोंद केली: एकशे दोन किलो पाचशे. (काल पाहुणे होते.)

या प्रकरणावरून कार्यालयाने काही धडा घ्यावा असं मला वाटलं. आजवर आम्ही फक्त दुकानांतले काटे तपासत आलो. प्रत्यक्षात सगळ्यात जास्त खोटी वजनं दुकानांत होत नाहीत. ती न्हाणीघरांत होतात, दार लावून, आणि तिथे आमचा एकही निरीक्षक नसतो. म्हणून घरगुती काट्यांच्या तपासणीचा प्रस्ताव मी वरिष्ठांकडे पाठवला. तो मंजूर झाला आहे. सुरुवात आमच्या भागापासून. निरीक्षक मीच, वाहन सायकल.

तेव्हा वाचकहो, तुमच्या पलंगाखालचा तो काटा पुसून ठेवा. टेकायची बोटं, न्याहारीआधीची वेळ, चपला काढण्याचा आग्रह, "आज कपडे जाड आहेत," "हा काटा जरा जास्तच दाखवतो": सगळे क्रमांक माझ्याकडे आहेत. चढ असल्यामुळे यायला मला थोडा उशीर होईल, पण मी येईन. आणि हे वाचता वाचता आत ओढून धरलेलं ते पोट आता सोडा. त्याने वजन कमी होत नाही. मी तपासलेलं आहे.