हरकत नाही

फोन ठेवला आणि हेडक्लार्कच्या लक्षात आलं, की आपण देशाचा कुलपांचा धंदा बुडवला.

शेजारच्या देशाने इकडच्या कुलपांवरचा आयातकर तिप्पट केला होता. अशा भांडणात पंचांकडे जाण्याआधी साठ दिवस आपसात बोलावंच लागतं, असा नियम. दोन्ही देशांची भाषा एकच, त्यामुळे एकोणसाठ दिवस भांडण मनसोक्त झालं. साठाव्या दिवशी तिकडच्या वकिलाने फोन केला, "आमचा कर आहे तसाच राहील." आणि व्यापार खात्यात सव्वीस वर्षं नाकासमोर चाललेला हा सज्जन माणूस सवयीने बोलून गेला, "हरकत नाही."

तासाभरात वकिलाचं पत्र आलं. तुमचीच हरकत नसल्यामुळे तक्रार मिटली आहे.

"अहो, तोंड आहे की फुटका नळ?" साहेब ओरडले.

घरी त्याहून कठीण. बायको कुलपांच्याच कारखान्यात किल्ल्या घासायची. कर टिकला तर महिनाअखेर कारखान्याला कुलूप लागणार होतं, आणि तेही तिथंच बनलेलं.

"बावीस वर्षं घासतेय मी त्या किल्ल्या," ती म्हणाली. "तुमच्या दोन शब्दांपायी घरी बसणार नाही. मला न्या त्या पंचांपुढं."

"अगं, आंतरराष्ट्रीय पंच आहेत ते!"

"मग मी काय खाणार आहे त्यांना?"

साहेबांनीही बुडत्याला काडीचा आधार म्हणून तिचं नाव साक्षीदारांत घातलं.

तीन देशांचे तीन पंच कानाला यंत्रं लावून दुभाष्याचं ऐकत होते. तिकडचा वकील म्हणाला, "शब्द स्पष्ट आहेत. हरकत नाही म्हणजे हरकत नाही."

"असं का?" बायको उठली. "माझा भाऊ तीन महिने राहायला आला, तेव्हा हे म्हणाले, हरकत नाही. तीन महिने भिंतीकडे तोंड करून जेवले! यांचा जुना कोट मी भंगारात दिला, तेव्हाही हरकत नाही. त्या कोटाचं अजून ऐकतेय. पंचसाहेब, आमच्यात माणूस खूश असला की नुसतं 'हो' म्हणतो. 'हरकत नाही' पोटात दुखत असलं की म्हणतो."

दुभाष्याने घाम पुसला. मुख्य पंच हेडक्लार्ककडे वळले. "तुमच्या घरातल्या या गोष्टी आम्ही जाहीर नोंदीत घेऊ. चालेल ना?"

हेडक्लार्क कानापर्यंत लाल झाला. शेजारी साहेब तोंडावर फाईल धरून हसत होते. त्याने दातओठ खाल्ले.

"हरकत नाही."

पंचांनी त्याच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि कानातली यंत्रं काढून ठेवली. याला संमती म्हणता येत नाही, कर बेकायदा आहे, तो महिनाअखेरच्या आत काढा, असा निकाल त्याच दुपारी झाला.

साहेबांनी हेडक्लार्कला मिठीच मारली. बायकोने डोळे पुसले आणि पर्स उचलली. समोर तिकडच्या वकिलाने फाईल बांधली, गोड हसला आणि म्हणाला, "हरकत नाही."

बायकोने पर्स परत टेबलावर ठेवली.

"बसा सगळे," ती म्हणाली. "हे अपिलात जाणार."