उतारावर इंजिन, अंगात स्वेटर

बसा असे, नीट टेकून बसा. चहा घ्या हातात. पुरुषोत्तमच्या गाडीची गोष्ट सांगतो तुम्हाला. चूक म्हणाल तर कुणाचीच नाही हो, तरी भर डिसेंबरात तीन माणसं घामाघूम झाली.

पुरुषोत्तम म्हणजे इथलाच, इंग्लंडातल्या बेसिंगस्टोकचा, मूळचा पुण्याचा, कॉम्प्युटरवाला. त्यानं सेकंडहँड हायब्रिड गाडी, म्हणजे पेट्रोल आणि बॅटरी दोन्हींवर चालणारी, घ्यायची ठरवली. बायकोला, सुचेताला, पुरती विजेवरची हवी होती. पण ह्याचा महिनाभर एकच धोशा.

"अगं, उताराला पाय उचलला की इंजिन आपोआप बंद! गाडी नुसती घरंगळते, वर बॅटरी भरते."

"इंजिन बंद पडलं की लोक गाडी विकतात, पुरू. तू विकत घेतोयस."

"पडत नाही गं. काम नसलं की स्वतःहून गप्प बसतं. काही माणसांनी शिकावं असं आहे."

ह्या वाक्याबद्दल दोन दिवस स्वयंपाक ह्यानं केला. पण गाडी घेतली. विकणाऱ्यानं सांगितलं, तीस दिवसांत खोट निघाली तर परत आणा.

पहिले पंधरा दिवस नुसती चैन. केम्पशॉट भागातला उतार लागला की इंजिन चिडीचूप, आणि समोरच्या पडद्यावर हिरवे बाण बॅटरीकडे चाललेले. हा बाणांकडे असा बघायचा, जसं दुसरं कोणी तान्ह्या लेकराकडे बघेल.

सोळाव्या दिवशी सांगलीहून सासूबाई आल्या. सुप्रभाबाई. बाई फार मायेच्या. येताना जावयासाठी स्वेटर विणून आणला होता. स्वेटर कसला, अख्खी मेंढी होती ती. गळा बंद, बाह्या बोटांपर्यंत, रंग शेंगदाण्याच्या चटणीचा.

"बसतो का हो नीट?" बाईंनी विचारलं.

"आई, अगदी मापात. आणि ऊब काय आहे!"

आता सासूबाईंनी स्वतःच्या हातानं विणलेला स्वेटर जावयानं त्यांच्यादेखत उतरवायचा? आपल्याकडं होतं का असं? मंगळवारी, गुरुवारी आणि शनिवारी बाईंना लायब्ररीतल्या विणकामाच्या क्लबात सोडायचं काम ह्याच्याकडं आलं. बाई पुढं बसायच्या, मांडीवर लोकरीची पिशवी. हा शेजारी, मेंढीत.

आणि पहिल्याच मंगळवारी केम्पशॉटच्या उतारावर इंजिन चालूच राहिलं. ह्यानं पाय उचलला. घुर्रर्र. ब्रेकवर हळूच पाय ठेवला. घुर्रर्र. गुरुवारी तेच. शनिवारी तेच.

"खोट आहे," सुचेता म्हणाली. चेहऱ्यावर आनंद नव्हता असं नाही. "तीस दिवस व्हायच्या आत परत दे आणि माझी गाडी आण."

पुरुषोत्तमनं हिशेब मांडला. गाडी परत दिली तर सुचेता जिंकली. ठेवली आणि तिसाव्या दिवसानंतर खोट निघाली, तर जन्मभर प्रत्येक उताराला ऐकायचं. म्हणून त्यानं गाडी शशीच्या गॅरेजात नेली.

शशी म्हणजे ग्लासगोच्या एका मराठी डॉक्टरांची मुलगी. घरच्यांना वाटलं होतं पोरगी डॉक्टर होईल. ती झाली मेकॅनिक. जन्म इकडचा, त्यामुळं मराठी तिची तिची.

"काका, इंजिन चालू राहतो, त्याला reason असतो. एक, इंजिन थंड असला तर आधी गरम होणार, मग बंद."

"दहा मिनिटं चालवूनच उताराला येतो मी."

"दोन, बॅटरी full असली, लांब उतार असला, तर वीज कुठं ठेवणार? मग गाडी धरून ठेवायला इंजिन फिरतो."

"निम्मी असते. बघतो ना मी बाण."

"तीन, आत heating मोठी असली. गाडीत गरम हवा येतो तो इंजिनच्या गरम पाण्यातून. तुम्ही गरमी मागितली तर तो बंद कसा होणार?"

"हीटिंगला मी हातही लावत नाही. मला लागतच नाही! सासूबाईंचा स्वेटर आहे, घामाच्या धारा लागतात नुसत्या."

खरंच होतं ते. हात त्यानं कधीच लावला नव्हता.

शशी स्वतः गाडी घेऊन केम्पशॉटला गेली, हा शेजारी बसला. शर्टावर होता, स्वेटर घरी. उतार आला, पाय उचलला. इंजिन गपगार.

"काका, तुमचा गाडी एकदम fit आहे."

"मंगळवारी बघ. मंगळवारी बिघडते ती."

"गाडीला कसा कळणार मंगळवार आहे?"

ह्यानं गाडी घरी आणली. पण रात्रभर विचार करून त्याच्या लक्षात एक भयंकर गोष्ट आली. खोट फक्त सासूबाई असल्या की निघते. हे घरात बोलायचं कसं? सुचेतापुढं "तुझी आई बसली की इंजिन बिघडतं" असं म्हणायचं, म्हणजे गाडीबरोबर आपणही परत जायची तयारी ठेवायची.

एकोणतिसावा दिवस मंगळवारच होता. ह्यानं शशीला फोन केला. "तू मागे बस. काही बोलू नकोस, नुसतं बघ."

निघाले. बाई पुढं, शशी मागं, मेंढी जागेवर. कोपऱ्यावर वळेपर्यंत ह्याच्या कानशिलावरनं घाम गळायला लागला. रुमाल काढून तोंड पुसलं. बाईंनी एकदा काळजीनं बघितलं, मग खिडकीकडं तोंड फिरवलं आणि स्वतःची मानही पदरानं पुसली.

उतार आला. ह्यानं पाय उचलला. घुर्रर्र.

"बघ! ऐकलंस?" हा जवळजवळ ओरडलाच. आनंद असा, की खोट सापडली म्हणून नाचावं, का गाडी गेली म्हणून रडावं, कळेना.

मागनं आवाज आला, "काका, heating full आहे!"

"हीटिंग कसली? स्वेटर आहे हा. सांगितलं ना तुला, ह्याची ऊबच तशी."

"काका, मी कुठं स्वेटर घातली? मी T-shirtमध्ये उकडतोय!"

मग शशीनं पुढं वाकून डावीकडच्या गोल बटणावर बोट ठेवलं. सासूबाईंच्या बाजूचं. फिरवून फिरवून अगदी शेवटाला नेलेलं.

"आई?" पुरुषोत्तम म्हणाला.

"अहो जावईबापू, तुमच्यासाठीच ना!" बाई कळवळून म्हणाल्या. "घरात, दारात, गाडीत, तुमच्या अंगातनं तो स्वेटर निघेना. वर सारखा रुमाल नाकाला. मला वाटलं, पोराला थंडी बाधलीय, पण बोलायला लाजतंय. म्हणून बसल्याबसल्या मी ते बटण फिरवत होते. आणि उतरताना बंद करत होते. उगाच कशाला जळत ठेवायचं?"

"पण तुम्हाला..."

"मला? भाजून निघतेय हो मी! तीन खेपा झाल्या, पदर ओला होतोय."

पुरुषोत्तमनं गाडी कडेला घेतली. "आई, राग मानू नका," म्हणत मान सोडवून, बाह्या ओढून स्वेटर काढला. बाईंनी बटण उलटं फिरवलं. वर जाऊन परत उताराला आले. इंजिन गप्प. इतकं गप्प, की चाकाखालची ओली पानं ऐकू आली. हिरवे बाण सुरू झाले. पुरुषोत्तमचे डोळे भरून आले, तो घाम नव्हता.

तिसावा दिवस गेला. गाडी राहिली. सुचेता नुसती आईकडं बघून म्हणाली, "तुझा जावई तुझ्यावरच गेलाय."

पण ऐका, संपलं नाही. जानेवारी लागला. बर्फासारखी हवा. मंगळवारी निघाले. स्वेटर घातला तर बाई परत बटण फिरवणार, म्हणून हा नुसत्या शर्टावर. आणि बटण फिरवलं तर जावयाचं इंजिन बंद होणार नाही, म्हणून बाई दोन्ही हात काखेत घालून बसलेल्या. ह्याचे दात वाजतायत, त्यांचे ओठ निळे.

"गारवा नाही ना वाटत, आई?"

"छे हो! तुम्हाला?"

"अजिबात नाही."

इंजिन मात्र बंद, अगदी कंपनीनं सांगितलंय तसं.

तर एक काम करा माझं. मंगळवारी, गुरुवारी, शनिवारी, दहाच्या सुमाराला तुमच्यातलं कोणी केम्पशॉटच्या सिग्नलला असलं, आणि शेजारी एक मुकी गाडी येऊन थांबली, तर खिडकीवर टकटक करा आणि दोघांना एकदमच सांगा, "हीटर लावा."

माझं नाव तेवढं सांगू नका.