उमापूरच्या आजीच्या नाकातली जळू

गेवराईच्या सरकारी दवाखान्यात मी कंपाउंडर होतो. आमचे डॉक्टर वामनराव कपाळावर गोल आरसा बांधूनच लग्नाला जात. अक्षता पडायच्या आत नवरदेवाच्या घशात डोकावून झालेलं असे. हैदराबादेत ते कान, नाक आणि घसा शिकून आले होते. पोट दुखतं म्हणून कुणी आलं तरी "आधी तोंड उघडा" हेच! आरशाला ऊन लागे, म्हणून रोग्याची खुर्ची सकाळी पुढच्या ओसरीत, दुपारी मागच्या. उचलायला मी. ढग आले की रोगी आणि डॉक्टर दोघंही आभाळाकडे बघत बसत. "दिसल्याशिवाय औषध नाही," ते म्हणत.

एकदा उमापूरची सखूआजी आली. पंधरा दिवस नाकातून रक्त येत होतं. भगताकडून भूतसुद्धा काढून झालं होतं.

"आतमंदी लई वळवळतंय, पन कुनी मानंना," ती म्हणाली.

डॉक्टरांनी आरसा फिरवला आणि त्यांचा चेहरा उजळला. "जळू! ओढ्याचं पाणी ओंजळीनं प्यालात?"

"मंग काय रानात तांब्या घिऊन हिंडू?"

चिमटा नेला की जळू आत सरके. ओढून तुटली असती तर रक्त आवरलं नसतं. डॉक्टरांनी ठरवलं, ती आपण होऊन बाहेर येईपर्यंत बसायचं. मी आजीच्या नाकाखाली गार पाण्याची वाटी धरायची. बायकांना राहायची सोय दवाखान्यात नव्हती, म्हणून तिला त्यांनी स्वतःच्या घरी ठेवलं. पत्नी प्लेगात गेल्यापासून ते एकटेच राहत.

तिसऱ्या दिवशी तहसीलदारांचा चपरासी आला. "साब के कान में दर्द है, फौरन बुलाये."

"सांग, कान कुठं पळून जात नाही. ही जळू जाईल."

"बदली होईल, साहेब," मी कुजबुजलो.

"होऊ दे. वाटी सरळ धरा."

तेवढ्यात नाकपुडीत काळं टोक दिसलं. जळू पाण्याकडे लांबली आणि चिमटा बसला. डॉक्टरांनी ओढलं नाही. तिनं पकड सोडेपर्यंत नुसतं धरून ठेवलं. बोटभर जळू वाटीत पडली, तेव्हा कुठे ते तहसीलदारांकडे निघाले. कान बरा झाला, बदली टळली.

आजीनं त्याच संध्याकाळी डॉक्टरांची चूल ताब्यात घेतली. "ही भाकर हाय का खापर? आन् इतकं वाळलास कावून रं?" डॉक्टरांनी ताट पुढं केलं.

दोन दिवसांनी तिचा लेक गाडी घेऊन आला.

"अजून दोन दिवस राहू द्या," डॉक्टर म्हणाले. "जखम बघायची आहे."

"पेरनी खोळंबलीय, डागदरसाब."

सकाळी मी स्वतः पाहिलं होतं, जखम पार सुकली होती. आजीलाही ते ठाऊक होतं. तिनं डॉक्टरांकडे पाहिलं, मग चुलीवर रटरटणाऱ्या दोघांपुरत्या पिठल्याकडे.

"डागदर म्हनतो जखम हाय, तर हाय," ती लेकाला म्हणाली. "तू जा. परवा ये."